टायरच्या कडेवर लिहिलेली अट

प्रस्तावना

कवठे महांकाळच्या बाजारात टायर घ्यायला आलेला माणूस दुकानदाराला सहसा दोनच गोष्टी सांगतो: साइज आणि प्लाय. फार तर कंपनीचे नाव. नक्षी खोल आहे ना, रबर जाड आहे ना, हे अंगठ्याने दाबून पाहिले की सौदा होतो. टायरच्या कडेवर उठावाने छापलेली बाकीची अक्षरे आणि आकडे कारखान्याच्या कामाचे असावेत असे समजून सोडून दिले जातात. माझे म्हणणे असे, की गाडीत बसणाऱ्याचा जीव ज्यावर अवलंबून असतो ती माहिती नेमकी या सोडून दिलेल्या आकड्यांत असते. साइज जुळली की टायर जुळला ही समजूत किती अपुरी आहे ते पाहायला ट्रकपर्यंतही जावे लागत नाही. तालुक्यात घरोघरी दिसणाऱ्या स्प्लेंडर प्लसची दोन चाके पाहावीत. पुढच्या टायरवर ८०/१००-१८ असते, मागच्यावरही ८०/१००-१८ च असते. पण त्यानंतर पुढच्यावर ४७ पी आणि मागच्यावर ५४ पी छापलेले असते. ४७ चा अर्थ हा टायर जास्तीत जास्त १७५ किलो भार पेलेल, ५४ चा अर्थ २१२ किलो. मागे स्वार बसतो, दुधाचे कॅन लटकतात, खताचे पोते आडवे पडते, म्हणून मागचा टायर अधिक भाराचा दिलेला असतो. ‘साइज एकच आहे’ म्हणून पुढचा टायर मागे बसवला, तर चाक फिरते, गाडी पळते, आणि ३७ किलोंची ताकद कोणाच्या लक्षात न येता कमी झालेली असते.

या आकड्यांकडे पाहण्याची एक रीत या पुस्तिकेच्या मुळाशी आहे. टायरवर छापलेले असते ते अट घातलेले आश्वासन. इतका भार, इतक्या वेगापर्यंत, आत इतकी हवा असताना, हा टायर पेलेल, असे बनवणाऱ्याने लेखी दिलेले असते. तिन्ही गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या असतात. त्यातली एक मोडली की बाकीच्या दोन पाळूनही उपयोग नसतो, कारण आश्वासन तिन्हींचे मिळून एकच आहे. आपल्याकडे टायरची चर्चा होते ती चांगला टायर आणि वाईट टायर अशी. तिच्यात अटीचा विचारच येत नाही, आणि उत्तम कंपनीचा नवाकोरा टायर महिनाभरात फुटला की दोष कंपनीवर, रस्त्यावर किंवा उन्हावर जातो.

मोटारीच्या टायरवर समजा १९५/६५ आर १५ ९१ एच असे लिहिले आहे. १९५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ६५ म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा इंचांतला व्यास. इथवरचे आकडे टायर त्या रिमवर बसेल की नाही एवढेच सांगतात. सुरक्षिततेचा मजकूर ९१ पासून सुरू होतो. हा भारांक. तो किलोत नसतो, आंतरराष्ट्रीय तक्त्यातला क्रमांक असतो: ८५ म्हणजे ५१५ किलो, ९१ म्हणजे ६१५, १०० म्हणजे ८००, १४६ म्हणजे ३००० किलो. शेवटचे अक्षर वेगाचे: एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, टी म्हणजे १९०, एस म्हणजे १८०, के म्हणजे ११०. तक्ते पुढच्या पानांत दिलेच आहेत, ते पाठ करण्याची गरज नाही. लक्षात ठेवायचे ते हे, की गाडीबरोबर आलेल्या टायरवर जो भारांक होता त्याहून कमी भारांकाचा टायर कधी घ्यायचा नाही. जास्तीचा चालतो.

आता तिसरी अट, हवेची. वजन रबर पेलते असे वाटते, पण प्रत्यक्षात ते पेलते रबराच्या आत कोंडलेली हवा. रबर, धागे आणि तारा त्या हवेला आकारात धरून ठेवतात. साध्या मोटारीच्या टायरचा भारांक साधारण ३६ पीएसआय हवा धरून ठरवलेला असतो. तीच हवा २६ वर उतरली, तर टायरची वजन पेलण्याची ताकद सुमारे पाऊणपट राहते. म्हणजे ६१५ किलोंचा टायर पावणेपाचशे किलोंचा होतो, आणि कडेवर मात्र ९१ हाच आकडा दिसत राहतो. वडापच्या बोलेरोचे उदाहरण घ्या. २१५/७५ आर १५ मापाच्या टायरवर १०० हा भारांक असेल तर चार टायर मिळून ३२०० किलो पेलतात. दाटीवाटीने माणसे बसवली तरी गाडीचे एकूण वजन सहसा त्याच्या खालीच राहते. तेव्हा इतकी माणसे भरूनही टायरला काही होत नाही, हे चालकाचे म्हणणे कागदावर खरे आहे. पण ते खरे आहे पुरेशी हवा असताना, आणि चारही चाकांवर भार सारखा वाटला गेला तर. मागच्या फळीवर आणि टपावर बसलेल्यांचे वजन मागच्या दोन टायरांवर पडते आणि हवा भरून महिना झालेला असतो. आकडा ओलांडला जातो तो इथे.

हवा किती भरायची याबद्दलही एक घोटाळा सर्रास दिसतो. टायरच्या कडेवर ‘कमाल दाब’ म्हणून ४४ किंवा ५१ पीएसआय असा आकडा असतो. ती टायर थंड असतानाची वरची हद्द आहे, भरायची हवा नव्हे. भरायची हवा गाडीच्या वजनावरून ठरते, आणि ती चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेली असते. बहुतेक पट्ट्यांवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचा वेगळा आणि भरलेल्या गाडीचा वेगळा. पंढरपूरला सहकुटुंब निघताना दुसरा आकडा पाहायचा असतो.

ट्रकच्या टायरवर हीच अट अधिक स्पष्ट वाचता येते, कारण तिथे दोन भारांक तिरक्या रेघेने लिहिलेले असतात. १०.०० आर २० या मापाच्या १६ प्लायच्या टायरवर १४६/१४३ के असे असते. पहिला आकडा एकट्या चाकासाठी, ३००० किलो. दुसरा जोडचाकासाठी, दर टायरला २७२५ किलो. जोडीतले दोन टायर कधीच अगदी सारखा भार घेत नाहीत आणि एकमेकांच्या उष्णतेने तापतात, म्हणून दुसरा आकडा कमी. आता हिशेब करू. दोन अॅक्सलच्या ट्रकला पुढे दोन टायर, मागे चार. पुढे ६००० किलो, मागे १०,९०० किलो. २०१८ पर्यंत अशा ट्रकला कायद्याने पुढच्या अॅक्सलवर ६ टन आणि मागच्यावर १०.२ टन, एकूण १६.२ टन वजनाची मुभा होती. टायरचा आकडा आणि कायद्याचा आकडा पुढच्या अॅक्सलवर तंतोतंत जुळतात. १६ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने ही मर्यादा वाढवली. पुढे ७ टन, मागे ११.५ टन, एकूण १८.५ टन. त्याच १६ प्लायच्या टायरांवर ही वाढीव मर्यादा दोन्ही अॅक्सलना जड जाते. १८ प्लायचा १४९/१४६ टायर घातला तर मागचे गणित १२ टनांनी सुटते, पण पुढे साडेसहा टनच होतात. राजपत्रातला आकडा एका रात्रीत बदलू शकतो, कडेवरचा बदलत नाही. म्हणून ‘पासिंग किती टनाचे?’ या प्रश्नाला जोडून ‘टायर किती टनाचे?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि आरसी बुकातला व टायरवरचा, यांतला लहान आकडा खरा मानला पाहिजे.

या तालुक्यात सर्वांत अवघड हिशेब मात्र छोट्या हत्तीचा आहे. टाटा एसच्या १४५ आर १२ मापाच्या ८ प्लायच्या टायरची ताकद दर टायरला अर्ध्या टनाच्या आसपास असते, म्हणजे मागच्या दोन टायरांची मिळून जेमतेम एक टन. गाडीचे मालासकट मान्य वजन १५५० किलो, त्यात माल पाऊण टनाच्या आत. द्राक्षाचा हंगाम आला, बेदाणा सांगली-तासगावच्या सौद्यांना निघाला, की याच हौद्यात दीड टन माल बसतो, कारण हौद्यात जागा असते. माल मुख्यतः मागच्या अॅक्सलवर असतो. गाडीचे स्वतःचे वजन धरले तर मागच्या टायरांवर त्यांच्या ताकदीच्या जवळजवळ दीडपट भार पडतो. गाडी चढ चढते, कमान पाटे तुटत नाहीत, आणि मालकाला वाटते की गाडी एवढे पेलते. कमान पाटे आणि इंजिन पेलत असतील, टायरवर मात्र तसे लिहिलेले नाही. जादा पाटे घालून घेतलेली गाडी या बाबतीत अधिक धोक्याची, कारण ती मागे बसत नाही आणि भार जास्त झाल्याची डोळ्यांना दिसणारी एकमेव खूण पुसली जाते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो अनुभवी माणसांचा आहे: प्लाय जास्त घ्यावा, टायर जाड घ्यावा, म्हणजे भाराचा प्रश्न मिटतो. सुती धाग्यांच्या काळात प्लायचा आकडा म्हणजे खरोखर थरांची संख्या असे. आज तो ताकदीची पातळी दाखवतो. १६ प्लायच्या पोलादी रेडियल ट्रक टायरच्या अंगात तारांचा बहुधा एकच थर असतो. तेव्हा प्लायवरून जाडी कळत नाही, आणि जाडीवरून सुरक्षितता तर मुळीच नाही. जाड रबर उष्णता लवकर सोडत नाही. टायरचा खरा शत्रू उष्णता आहे. चाक फिरताना जमिनीला टेकलेला भाग दबतो, सुटतो, पुन्हा दबतो, आणि प्रत्येक दबण्यात थोडी उष्णता तयार होते. भार जास्त, हवा कमी किंवा वेग जास्त, यातले काहीही झाले तरी दबणे वाढते. आत थर एकमेकांना चिकटवणारे रबर तापून सैल होते, थर सुटतात, नक्षीचा पट्टा उखडतो, आणि बाहेरून दिसते ते ‘टायर फुटला’ एवढेच.

याच कारणाने दुसरी समजूत अधिक घातक ठरते, की उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवावी म्हणजे टायर फुटत नाही. चैत्र-वैशाखात पारा चाळिशीला टेकतो, रत्नागिरी-नागपूर महामार्गाचे काँक्रीट आणि आतल्या रस्त्यांचे डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, आणि हवा तापली की दाब वाढतो, हे सगळे खरे आहे. पण किती वाढतो? २५ अंशांवर ३६ पीएसआय भरलेल्या टायरची आतली हवा ६५ अंशांपर्यंत गेली, तर दाब ४३ च्या आसपास जातो. ही वाढ बनवणाऱ्याने धरलेलीच असते. थंड असताना मोजा, असे पट्टीवर लिहिलेले असते ते म्हणूनच. उलट भीतीपोटी पाच-सात पीएसआय कमी ठेवले की दबणे वाढते, त्याने उष्णता वाढते, आणि ज्या गोष्टीला घाबरून हवा काढली तीच घडते. धाब्यावर थांबून तापलेल्या टायरची हवा सोडणे हा याच चुकीचा आणखी वाईट प्रकार, कारण टायर निवल्यावर दाब पट्टीवरच्या आकड्याच्या बराच खाली जातो.

याचा मोठा पुरावा जगाने अमेरिकेत पाहिला. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतले बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर या उंच गाडीवर होते. नक्षीचा पट्टा धावत्या गाडीत सुटत होता आणि गाड्या उलटत होत्या. अमेरिकी सरकारच्या महामार्ग सुरक्षा विभागाने या टायरांशी जोडलेल्या मृत्यूंची संख्या पुढे २७१ पर्यंत नोंदवली. टायरच्या रचनेत दोष होता आणि एका विशिष्ट कारखान्यातल्या मालात तो अधिक होता, हे तपासात पुढे आले. पण आपल्याला शिकण्यासारख्या आणखी तीन गोष्टी त्या प्रकरणात होत्या. फोर्डने या गाडीसाठी हवा सांगितली होती २६ पीएसआय, आणि टायर कंपनी पुढे ३० वर आली. बहुतेक घटना टेक्सास, अॅरिझोना, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया अशा उष्ण राज्यांत घडल्या. आणि त्या टायरांच्या कडेवर उष्णता सोसण्याची श्रेणी ‘सी’ अशी छापलेली होती, म्हणजे कायद्याला चालणारी सर्वांत खालची. मजकूर सगळ्यांसमोर होता. त्याच वर्षी अमेरिकेने नवा कायदा केला, आणि हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा पुढे प्रत्येक नव्या मोटारीला सक्तीची झाली.

ही सी श्रेणी ज्या अमेरिकी पद्धतीतली आहे ती आपल्याकडच्या अनेक मोटारींच्या टायरवरही छापलेली दिसते, म्हणून ती नीट वाचावी. तिच्यात तीन नोंदी असतात. उष्णतेची श्रेणी ए, बी, सी: सी म्हणजे ताशी सुमारे १३७ ते १६० किलोमीटर वेगापर्यंत प्रयोगशाळेत टिकलेला टायर, बी त्यावर १८५ पर्यंत, ए त्याच्याही वर. पकडीची श्रेणी दुहेरी ए, ए, बी, सी: ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारून मोजलेली, वळणावरची पकड तिच्यात नसते. तिसरा झिजेचा आकडा, २००, ३४०, ४०० असा: १०० च्या नमुना टायरच्या तुलनेत किती टिकेल याचा अंदाज. दुकानात जास्त आकड्याचा टायर ‘वरच्या दर्जाचा’ म्हणून दाखवला जातो. तो जास्त किलोमीटर देईल, त्याचा सुरक्षिततेशी थेट संबंध नाही. पुष्कळदा कठीण रबर जास्त टिकते आणि ओल्यात कमी धरते. कोरड्या माळाच्या तालुक्यात उष्णतेचे अक्षर पाहावे असे मी आग्रहाने सांगेन, आणि झिजेचा आकडा शेवटी.

आपल्या देशातल्या खुणांचा अर्थ यापेक्षा वेगळा आहे. २००९ च्या केंद्रीय आदेशानंतर वाहनांचे टायर आयएसआय चिन्हाशिवाय विकता येत नाहीत: मोटारींसाठी आयएस १५६३३, मालवाहू गाड्यांसाठी १५६३६, दुचाकी-तीनचाकींसाठी १५६२७. वर्तुळातला ई आणि त्यापुढचा आकडा युरोपीय नियमांनुसार मान्यता देणाऱ्या देशाचा असतो. ई ४ म्हणजे नेदरलँड्स. तो मोठा असला म्हणून टायर चांगला ठरत नाही. २०२२ च्या जूनमध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांतल्या नियम ९५ मध्ये बदल करून ओल्या रस्त्यावरची पकड, फिरताना होणारा रोध आणि आवाज यांची किमान पातळी मोटारी, बस आणि ट्रक यांच्या टायरांना सक्तीची केली. नव्या रचनांना १ ऑक्टोबर २०२२ पासून, जुन्यांना १ एप्रिल २०२३ पासून. हे पाऊल महत्त्वाचे आहे, आणि अर्धे आहे. ही पास-नापास परीक्षा आहे, मिळालेले गुण गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. दिसतात ते ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारे, आणि तारे मोजतात इंधनाची बचत. पाच ताऱ्यांचा टायर डिझेल वाचवेल, पण ब्रेक मारल्यावर किती अंतरात थांबेल याबद्दल ते तारे काहीच सांगत नाहीत. दुष्काळी तालुक्याला पावसातल्या पकडीशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. पण सहा-आठ महिने कोरड्या राहिलेल्या रस्त्यावर धूळ आणि तेलाचा थर बसलेला असतो, आणि वळवाच्या पहिल्या सरीत तोच रस्ता सर्वांत निसरडा असतो.

वयाची खूण आता पाहू. कडेवर एका लंबवर्तुळात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. यावर तालुक्यातले उत्तर ठरलेले आहे: आमच्याकडे टायर जुना व्हायच्या आधी झिजतो. रोज मुंबई-बेंगळुरू करणाऱ्या ट्रकबाबत ते खरे आहे. पण कवठे महांकाळच्या गाड्या बहुतांशी हंगामी आहेत. म्हैसाळ योजनेच्या पाण्याने ऊस वाढला, तशा ट्रॉल्या वाढल्या. त्या दिवाळीच्या आसपास बाहेर निघतात, गाळप आटोपले की उन्हात एका जागी उभ्या राहतात. बेदाणा शेडवरचा पिकअप तीन महिने पळतो आणि नऊ महिने झाडाखाली असतो. ऊन आणि हवेतला ओझोन रबर कोरडे करतात, कडेला बारीक भेगा पडतात, आणि वापर कमी असल्यामुळे नक्षी तशीच खोल दिसत राहते. नक्षी पाहून टायर ठरवणारा माणूस नेमका इथे फसतो. स्टेपनीचे तर विचारूच नये. ती गाडीबरोबर आली तेव्हापासून मागे लटकलेली असते आणि ऐन वेळी भरल्या गाडीखाली बसवली जाते. टायरला पाच वर्षे झाली की दर वर्षी जाणकाराकडून आतून-बाहेरून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शिल्लक असली तरी वापरू नये, असा सल्ला काही मोठे टायर उत्पादक देतात. आपल्या उन्हात दहाची वाट पाहू नये, असे माझे मत आहे. झिजेची खूण याउलट सोपी. कडेवरच्या बारीक त्रिकोणासमोर खाचेत रबराचा आडवा उंचवटा असतो. नक्षी त्याच्या पातळीला आली की मोटारीचा टायर १.६ मिलिमीटरच्या आणि दुचाकीचा ०.८ मिलिमीटरच्या कायदेशीर हद्दीला पोचला.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र असा, की कंपन्या आकडा कमीच छापतात, आत पुष्कळ माया ठेवलेली असते. माया असते, हे मान्य. पण ती कशासाठी ठेवलेली असते ते पाहावे. खड्ड्यात चाक आदळते त्या क्षणी टायरवर येणारा भार उभ्या गाडीच्या कितीतरी पट असतो. नागज फाट्याहून आत गावांकडे वळले की असे क्षण किती येतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. ती माया त्या खड्ड्यासाठी आहे. जादा मालाने ती आधीच खर्च केली, तर खड्डा येतो तेव्हा शिल्लक काही नसते. रस्तेच वाईट आहेत मग टायरचे आकडे वाचून काय उपयोग, या तक्रारीचे उत्तरही यातच आहे. रस्ता जितका वाईट, तितके छापील हद्दीच्या आत राहणे गरजेचे.

आणखी एक बोलणे सतत ऐकू येते: टायर फुटणे हे नशीब, त्याला माणूस काय करणार. समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ जणांचा जीव गेला, तेव्हा टायर फुटल्याचे चालकाने सांगितले होते. परिवहन विभागाच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही. टायर हे किती सोयीचे कारण झाले आहे ते यावरून कळते. पण त्याच वर्षी त्या महामार्गावर शिरणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात झाली आणि गोटा झालेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवल्या गेल्या. ताशी १२० च्या रस्त्याने हा प्रश्न उघडा केला. तालुक्यातली गाडी लग्नाला, तीर्थाला, मुलाला नागपूरला सोडायला त्या रस्त्यावर जातेच, आणि गावात चाळीसने चालणाऱ्या गाडीत जो टायर वर्षानुवर्षे तगला तो तिथे तासाभरात तापतो.

हे सगळे खर्चिक आहे, लहान शेतकऱ्याला परवडणारे नाही, या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते उडवून लावणे बरोबर नाही. टायरची जोडी म्हणजे हातातल्या पैशाचा मोठा घास असतो. पण ज्या गोष्टींनी सर्वांत जास्त फरक पडतो त्या जवळजवळ फुकट आहेत: थंड टायरची हवा पंधरा दिवसांनी मोजणे, पट्टीवरचा आकडा पाळणे, विकत घेताना भारांक आणि आठवड्याचा आकडा वाचणे. एकाच किमतीत चार महिन्यांचा आणि चार वर्षांचा असे दोन्ही टायर दुकानात असू शकतात, न विचारणाऱ्याला जुना मिळतो. अक्षरे इंग्रजी आहेत ही अडचणही मोठी मानू नये. औषधाच्या पाकिटावरची मुदतीची तारीख आज अंगठेबहाद्दर म्हातारीही नातवाकडून वाचून घेते.

ट्रॅक्टरबद्दल वेगळे प्रकरण पुढे आहे, म्हणून इथे एकच मुद्दा. ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरवर भारांकापुढे ए ६ किंवा ए ८ असते, म्हणजे ताशी ३० किंवा ४० किलोमीटर. त्या टायरचा भार त्याच वेगाला धरून लिहिलेला असतो. रात्रीच्या मोकळ्या महामार्गावर दोन ट्रॉल्या जोडून ४० च्या वर पळवला जाणारा ट्रॅक्टर भार आणि वेग या दोन्ही अटी एकदम मोडतो. त्यामागच्या ट्रॉलीला बहुधा ट्रकचे उतरवलेले किंवा रिमोल्ड केलेले टायर असतात. रिमोल्डमध्ये नवी नक्षी येते, आतला सांगाडा जुनाच राहतो, आणि कडेवरचा भारांक व आठवडा त्या सांगाड्याच्या पहिल्या जन्माचे असतात. चांगला रिमोल्ड ही काटकसरीची आणि योग्य गोष्ट आहे, फक्त तो वळणाऱ्या पुढच्या चाकांना लावू नये आणि सांगाड्याचे साल पाहिल्याशिवाय घेऊ नये.

एक मागणी इथेच नोंदवतो, कारण तिला सरकारची वाट पाहावी लागत नाही. टायरच्या पावतीवर आज माप आणि किंमत असते. त्याच ओळीत भारांक, वेगाचे अक्षर आणि आठवडा-साल यांचे आकडे लिहून द्यावेत, असे गिऱ्हाइकाने दुकानात उभे राहून सांगावे. लिहायला दुकानदाराला अर्धा मिनिट लागतो, आणि ते लिहिण्यासाठी दोघांनाही टायरच्या कडेशी वाकून वाचावे लागते.